स्टेशन सोडून रस्त्यावर आलेली लोकल

१४ ऑगस्ट १९९०. मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड. सतरा वर्षांचा सचिन नाबाद ११९ करतो, टेस्ट ड्रॉ होते आणि शंभरातली पहिली सेंच्युरी नोंदवली जाते. हे तुम्हाला पाठ आहे, घरातल्या बाबा-काकांना तर त्याहून पाठ आहे. पण त्या संध्याकाळी मॅच संपल्यावर प्रेक्षक घरी कसे गेले असतील? मैदानाला लागूनच वॉरिक रोड नावाचं एक छोटं स्टेशन होतं. तिथून ब्रिटिश रेल्वेची इलेक्ट्रिक लोकल मिळायची. अगदी आपल्यासारखी, टाइमटेबल बघून पकडायची लोकल.

१० जुलै २०१९. तेच मैदान, वर्ल्ड कपची सेमीफायनल. गप्टिलचा थ्रो, धोनी रनआउट, आणि पुढे काय झालं ते लिहायला नको. त्या दिवशी मान खाली घालून बाहेर पडलेले आपले फॅन्स त्याच जागेवरून, त्याच लाइनवरून परत गेले. फक्त आता स्टेशनचं नाव ओल्ड ट्रॅफर्ड होतं आणि फलाटावर येत होती ती पिवळी ट्राम. ही ट्राम तुम्हाला थेट शहराच्या मधोमध, ऑफिसं आणि दुकानांच्या रस्त्यावर नेऊन सोडते. १९९० मधली लोकल ते करू शकत नव्हती.

जुन्या रेल्वेलाइनचं काय करायचं, हा प्रश्न जगातल्या बऱ्याच शहरांपुढे आला. कुणी रूळ उखडून भंगारात घातले, कुणी त्यावर सायकल ट्रॅक केला, कुणी नुसतंच गवत वाढू दिलं. मँचेस्टरने दोन थकलेल्या उपनगरी लाइन घेतल्या आणि त्यांची ट्राम केली. आज ब्रिटनमधल्या ट्राम नेटवर्कचा विषय निघाला की पहिलं नाव मँचेस्टरचं येतं: शंभराच्या आसपास थांबे आणि शंभर किलोमीटरच्या वर मार्ग. आपल्याकडे इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतात, त्यामुळे नाव तर घरचंच आहे. म्हटलं, या मँचेस्टरची गोष्ट जरा नीट सांगू.

चर्चगेट आणि सीएसएमटीसारखं दुखणं

तुम्ही मुंबईचे असाल तर हे एका वाक्यात कळेल. चर्चगेट आणि सीएसएमटी ही दोन टर्मिनस आहेत, मधलं अंतर दीडेक किलोमीटरचं, आणि वेस्टर्नची लोकल सेंट्रलच्या स्टेशनात जात नाही. मग काय, चाला, नाहीतर बस पकडा, नाहीतर शेअर टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. मेट्रो ३ यायच्या आधी कित्येक पिढ्यांनी हेच केलं.

मँचेस्टरचंही हेच होतं. रेल्वेच्या इतिहासात हे शहर फार जुनं आहे. १८३० मध्ये लिव्हरपूल ते मँचेस्टर ही दोन शहरांना जोडणारी रेल्वे सुरू झाली आणि मग पुढच्या काही वर्षांत वेगवेगळ्या खासगी कंपन्यांनी आपापल्या लाइन शहराच्या कडेपर्यंत आणल्या. कडेपर्यंतच. मध्यभागी जागा महाग, शिवाय प्रत्येक कंपनीला स्वतःचं स्टेशन हवं. त्यामुळे उत्तरेकडून येणारी गाडी व्हिक्टोरिया स्टेशनला थांबायची, दक्षिणेकडच्या गाड्यांचं मुख्य स्टेशन पिकॅडिली, आणि या दोघांच्या मध्ये खरं शहर: बाजार, बँका, टाऊन हॉल, लायब्ररी. दोन स्टेशनांमधलं अंतर साधारण किलोमीटरभर. पण उत्तरेकडच्या माणसाला दक्षिणेकडे जायचं तर उतरा, चाला, परत चढा.

यावर पहिला उपाय सुचला तो मोठा होता. दोन्ही स्टेशनांना जोडणारं भुयार. पिकॅडिली आणि व्हिक्टोरिया, म्हणून त्याचं नावही ‘पिक-विक’. १९७० च्या दशकात त्याचे नकाशे झाले, कायदा झाला, शहरातल्या आर्नडेल मॉलच्या बांधकामात भावी स्टेशनासाठी जमिनीखाली एक पोकळीसुद्धा सोडून ठेवली. पैसे मात्र लंडनहून आले नाहीत. १९७७ मध्ये प्रकल्प गुंडाळला. मॉलखाली स्टेशनसाठी सोडलेली ती जागा तशीच राहिली.

मुंबईने आपलं भुयार शेवटी खणलं, त्याची किंमतही मोजली. मँचेस्टरला ते परवडलं नाही. माझं मत विचाराल तर ही त्या शहराच्या नशिबाची गोष्ट होती, कारण पैसे नसल्यामुळेच त्यांना जमिनीच्या वरचा विचार करावा लागला.

दोन लाइन, दोन प्रकारची वीज

आता त्या दोन लाइन बघू. उत्तरेकडची बेरीची लाइन (स्पेलिंग बघून ‘बरी’ म्हणू नका, स्थानिक लोक बेरीच म्हणतात). ही १९१६ मध्ये इलेक्ट्रिक झाली. तिची वीज वरच्या तारेतून येत नव्हती, रुळांच्या बाजूने टाकलेल्या तिसऱ्या, जिवंत रुळातून यायची, आणि तीही १२०० व्होल्टची. ब्रिटनमध्ये अशी पद्धत दुसरीकडे कुठे नव्हती. म्हणजे गाडी बिघडली, सुटा भाग लागला, तर दुसऱ्या कुठल्या लाइनचा उसना घ्यायची सोय नाही. १९८० च्या दशकात त्या गाड्या तीस वर्षांच्या झाल्या होत्या.

दक्षिणेकडची ऑल्ट्रिंगमची लाइन १८४९ ची. सचिनच्या सेंच्युरीवाली हीच. तिच्यावर १९३१ मध्ये वरच्या तारेची वीज आली, १५०० व्होल्टची, आणि नंतर १९७१ मध्ये ती बदलून २५ हजार व्होल्टची केली.

एकीकडे बाजूला तिसरा रूळ, दुसरीकडे डोक्यावर २५ हजार व्होल्ट. एका लाइनची गाडी दुसरीवर चालणं शक्यच नव्हतं. आणि दोन्हीकडचं सामान म्हातारं झालेलं. म्हणजे काहीही न करता ‘आहे तसं चालू ठेवायचं’ म्हटलं तरी नव्या गाड्या, नवी वीज, नवे सिग्नल हा खर्च डोक्यावर होताच. कागदावर ही मेलेली लाइन नव्हती. रोज हजारो लोक त्यावरून कामाला जात होते. पण पुढची गुंतवणूक कुणी करायची, या प्रश्नावर ती हळूहळू मरू शकली असती. आपल्या ओळखीची गोष्ट आहे ही. विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ‘शकुंतला’ आठवा. तिला कुणी एका दिवसात संपवलं नाही. ‘आज नाही, पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणत म्हणत ती थांबली.

मँचेस्टरच्या वाहतूक मंडळाने जो हिशोब मांडला तो साधा होता. भुयार नको. दोन्ही लाइन घेऊ, दोन्हीवर सारखी वीज टाकू, ७५० व्होल्ट, वरच्या तारेतून. (जिवंत रूळ रस्त्यावर टाकता येत नाही, कारण उघड आहे.) आणि दोघींना जोडायला शहराच्या रस्त्यांवरूनच रूळ टाकू. गाडी उपनगरात रेल्वेसारखी पळेल, ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत, आणि शहरात शिरली की ट्रामसारखी माणसांच्या बाजूने हळू चालेल.

लोकांना हे पटवायचं कसं? मँचेस्टरची जुनी ट्राम १९४९ मध्ये बंद झाली होती. एका अख्ख्या पिढीच्या मनात ट्राम म्हणजे आजोबांच्या काळातली खडखड. म्हणून मार्च १९८७ मध्ये एक प्रयोग केला. लंडनच्या डॉकलँड्समध्ये नवीन लाइट रेल्वे सुरू होणार होती, तिची एक कोरी गाडी मागून आणली, तिच्यावर तारेला टेकणारा हात बसवला आणि डेब्डेल पार्कजवळच्या एका मालगाडीच्या लाइनवर चालवून दाखवली. या, बघा, बसा. पीपीटी दाखवण्यापेक्षा हे कधीही बरं. पुढच्याच वर्षी पार्लमेंटचा कायदा झाला, त्यानंतर काम दिलं गेलं, आणि पहिल्या टप्प्याला साधारण साडेचौदा कोटी पौंड लागले.

फलाट उंच, रस्ता खाली

इथे मला या गोष्टीतला सगळ्यात भारी भाग वाटतो. म्हणजे इंजिनीअरिंगवाल्यांना तर वाटेलच, पण आपल्यासारख्या आर्ट्सवाल्यांनाही कळेल असा आहे.

रेल्वेचा फलाट उंच असतो. गाडीच्या दारात पायरी न चढता शिरता यावं म्हणून. ट्रामचा थांबा मात्र सहसा फुटपाथइतका बुटका. आता एकच गाडी दोन्हीकडे जाणार, तर दार कुठल्या उंचीवर ठेवायचं? गाडी बुटकी केली तर जुन्या लाइनवरच्या सगळ्या स्टेशनांचे फलाट फोडून खाली आणायचे. गाडी उंच ठेवली तर शहरातल्या रस्त्यावर जवळपास मीटरभर उंचीचे फलाट बांधायचे.

मँचेस्टरने उंच गाडी निवडली. दोन्ही लाइनवरची जुनी स्टेशनं जशीच्या तशी वापरता आली, पैसे वाचले. पण मग शहरात, टाऊन हॉलच्या आजूबाजूला मीटरभर उंच काँक्रीटचा ओटा कुणाला आवडणार? त्यावर तोडगा असा की सुरुवातीला शहरातल्या थांब्यांवर फलाटाचा फक्त मधला भाग उंच केला, दोन्ही बाजूंना उतार. व्हीलचेअर आणि बाबागाडी मधल्या दारातून आत. बाकीच्या दारांना खाली सरकणाऱ्या पायऱ्या. चाललं, पण जुगाडच होता. पुढे तिथले फलाट पूर्ण उंचीचे करावे लागले, आणि नंतर आलेल्या नव्या गाड्यांना पायऱ्या ठेवल्याच नाहीत.

पहिल्या दिवशी घेतलेला हा एक निर्णय आजपर्यंत सगळ्या नेटवर्कला बांधून आहे. नंतर ज्या लाइन झाल्या, अगदी कोऱ्या रस्त्यावरच्याही, तिथे उंच फलाटच बांधायला लागले. फायदा मात्र असा की प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक दारातून, पायरी न चढता आत जाता येतं. लोकलच्या फलाट आणि फूटबोर्डमधल्या गॅपमध्ये पाय घातलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको.

चाकांचंही तसंच. रेल्वेचा रूळ जमिनीच्या वर उभा असतो, रस्त्यातला रूळ मात्र डांबराच्या पातळीत, मधे खाच असलेला, नाहीतर गाड्या आणि सायकली त्यावर आपटतील. रेल्वेच्या चाकाची कड त्या खाचेत नीट बसत नाही आणि ट्रामचं साधं चाक रेल्वेच्या सांध्यावर नीट चालत नाही. म्हणून दोन्हीकडे चालेल असा चाकाचा खास आकार ठरवावा लागला. इटलीत बनलेल्या पहिल्या २६ गाड्या अशा दोन्ही घरच्या पाहुण्या होत्या.

आणि रस्त्याच्या पलीकडे काय? दक्षिणेकडच्या लाइनला मिळायला ट्रामला रस्त्यावरून वर, विटांच्या जुन्या पुलावर चढायचं होतं. हा पूल पूर्वी सेंट्रल स्टेशनकडे जायचा. ते स्टेशन १९६९ मध्ये बंद पडलं, बरीच वर्षं तिथे गाड्या पार्क होत होत्या, १९८६ मध्ये त्याच कमानीखाली प्रदर्शन केंद्र झालं. स्टेशन गेलं तरी पूल उभा होता. ट्रामसाठी स्टेशनच्या बाजूने एक तीव्र चढ बांधला आणि बिनकामाचा पूल परत कामाला लागला. नवा पूल बांधायची वेळच आली नाही.

६ एप्रिल १९९२ ला बेरीहून पहिली ट्राम निघाली. महिना संपायच्या आत ती शहराच्या रस्त्यांवरून धावू लागली, जूनमध्ये ऑल्ट्रिंगम, जुलैमध्ये पिकॅडिली. बेरीला बसलेला माणूस आता न उतरता सेंट पीटर्स स्क्वेअरच्या गोल लायब्ररीसमोर उतरू शकत होता किंवा तसाच पुढे ऑल्ट्रिंगमला जाऊ शकत होता. गर्दीच्या वेळी दर सहा मिनिटांनी गाडी. टाइमटेबल बघायची सवय लोकांची मोडली. वर्षाला एक कोटी प्रवाशांचा टप्पा लवकरच ओलांडला, आणि कोविडच्या आधी सगळ्या नेटवर्कचा आकडा वर्षाला चार कोटींच्या वर गेला होता.

लक्षात घ्या, जुन्या लाइनवर नवीन असं फार काही घडलं नव्हतं. तेच रूळ, तेच पूल, तीच स्टेशनं. फरक पाडला तो शहराच्या मधल्या त्या दोन-तीन किलोमीटरच्या रस्त्याने. अवघड कामही तेच होतं. रस्ता खणायचा, खालच्या पाण्याच्या आणि गॅसच्या लाइन हलवायच्या, दुकानदारांच्या शिव्या खायच्या, मोटारवाल्यांची जागा काढून घ्यायची. जुनी रेल्वेलाइन ट्रामला देऊन टाकणं हा त्यातला सोपा भाग. शहराचा रस्ता ट्रामला द्यायला हिंमत लागते.

तीन वर्षांचा मेगाब्लॉक

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, झालं, हॅपी एंडिंग. थांबा. आता ओल्डमला चला.

ओल्डम आणि रॉचडेल ही मँचेस्टरच्या उत्तर-पूर्वेची कापड गिरण्यांची गावं. गिरण्या गेल्या, गिरणगावाचं काय होतं ते आपल्याला लालबाग-परळमुळे माहीत आहे. तिथून जाणारी जुनी रेल्वे, ओल्डम लूप, हीसुद्धा ट्राम करायची असं ठरलं होतं. मग जुलै २००४ मध्ये केंद्र सरकारने खर्च वाढल्याचं कारण देऊन पैसे काढून घेतले. लोक चिडले. ‘आमची मेट्रोलिंक परत रुळावर आणा’ अशी मोहीमच झाली. दोन वर्षांनी थोडे पैसे परत मिळाले. बाकीच्यांसाठी अजून एक कल्पना निघाली. शहरात गर्दीच्या वेळी येणाऱ्या मोटारींवर कर लावायचा आणि त्या जोरावर मोठा निधी आणायचा. डिसेंबर २००८ मध्ये त्यावर जनमत घेतलं. सुमारे ७९ टक्के लोक म्हणाले, नाही. ट्राम सगळ्यांना हवी होती, मोटारीवरचा कर नको होता. (पुण्यात असं मतदान घेतलं तर काय निकाल लागेल याची पैज लावायची का?) शेवटी स्थानिक पातळीवर निधी उभा करून कामं पुढे नेली.

३ ऑक्टोबर २००९ ला ओल्डम लूपवरची शेवटची रेल्वे धावली. मग रूळ बदलायचे, तारा टाकायच्या. आपण रविवारच्या मेगाब्लॉकला वैतागतो. इथे ओल्डमच्या स्टेशनाशी ट्राम पोचली जून २०१२ मध्ये, आणि रॉचडेलच्या स्टेशनाला फेब्रुवारी २०१३ मध्ये. तीन वर्षांहून जास्त काळ त्या लाइनवरच्या लोकांकडे बसशिवाय काही नव्हतं. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत रोज बस बदलत जायला लागलं तर काय होतं, याचा हिशोब कुठल्याच उद्घाटनाच्या भाषणात येत नाही.

आणि गंमत बघा. ओल्डममध्ये ट्राम आधी जुन्या रेल्वेच्याच वाटेने, जुन्या बोगद्यातून चालली. फक्त दीडेक वर्ष. जानेवारी २०१४ मध्ये तो भाग बंद करून तिला गावाच्या बाजारपेठेच्या रस्त्यावर आणलं, कारण जुनी लाइन बाजाराला वळसा घालून जात होती. दीडशे वर्षांपूर्वी ज्याने लाइन आखली त्याला गिरणीचा माल दिसत होता, शॉपिंगला आलेली आजी दिसत नव्हती. म्हणजे जुनी लाइन फुकट मिळाली तरी ती योग्य जागी असेलच असं नाही. हे ओळखून दीड वर्ष वापरलेले रूळ सोडून द्यायला मोठं मन लागतं. आपल्याकडे एवढ्यावर चौकशी समिती बसली असती.

तोटा झालेले अजूनही आहेत. रॉचडेलहून मँचेस्टरला ट्रामने जायला जवळपास तासभर लागतो. कारण ती ओल्डमवरून फिरून येते आणि वाटेत भरपूर थांबते. घाई असलेला माणूस आजही दुसऱ्या लाइनवरची साधी रेल्वे पकडतो. दक्षिणेकडे चेस्टरहून येणाऱ्या गाड्या पूर्वी ऑल्ट्रिंगमच्या लाइनवरून सरळ मँचेस्टरला जायच्या. लाइन ट्रामला दिल्यावर त्यांना स्टॉकपोर्टवरून वळसा घ्यावा लागला, तो आजही घ्यावा लागतो. ट्राममध्ये बसायच्या जागा पन्नास-साठ, बाकीच्यांनी उभं राहायचं. टॉयलेट नाही. छोट्या स्टेशनांवरचा तिकीट खिडकीतला माणूस गेला, मशीन आलं.

आणि ज्या मधल्या रस्त्याचं मी एवढं कौतुक केलं, तोच नंतर घशात अडकला. नव्या लाइन वाढत गेल्या, सगळ्या ट्राम त्याच दोन-चार चौकांतून जाणार. एक अडकली की मागची सगळी रांग. शेवटी २०१७ मध्ये शहरातून दुसरा मार्ग काढावा लागला. पहिला टाकताना दुसऱ्याची जागा राखून ठेवली असती तर स्वस्तात झालं असतं, असं आज म्हणणं फार सोपं आहे. १९९२ मध्ये एकच मिळाला हेच खूप होतं.

राखून ठेवलेली वाट

एक लाइन मात्र वेगळी. चोर्ल्टन नावाच्या भागातून जाणाऱ्या रेल्वेवरच्या प्रवासी गाड्या १९६७ मध्ये बंद झाल्या. ट्राम तिथे आली २०११ मध्ये. चव्वेचाळीस वर्षांनी! हे शक्य झालं कारण मधल्या काळात ती पट्टी कुणी तोडून विकली नाही. रेल्वेची वाट एकदा तुकड्यातुकड्यांत गेली, त्यावर चार बिल्डिंगा उभ्या राहिल्या, की परत मिळत नाही. ज्या लाइनवर १९८७ मध्ये ती लंडनची गाडी दाखवली होती, तिथे आज चालायचा आणि सायकलचा रस्ता आहे, तोही चांगलाच. वाट शाबूत आहे, एवढं पुरे.

मँचेस्टर एकटं नाही. त्याच वर्षी, १९९२ मध्ये, जर्मनीतल्या कार्ल्सरूहने तर ट्राम आणि मोठी रेल्वे एकाच रुळावर चालवून दाखवली. पॅरिसने १९९७ मध्ये सेन नदीकाठच्या जुन्या लाइनची ट्राम केली, त्याच वर्षी सिडनीने मालगाडीच्या लाइनची, आणि २००० मध्ये लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनने विम्बल्डनकडे जाणाऱ्या लाइनची. हो, टेनिसवालं विम्बल्डन.

आपल्याकडे? मुंबईची ट्राम १८७४ मध्ये घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची धावून बंद झाली. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत तिचे रूळ जमिनीखालून निघाले तेव्हा लोक फोटो काढायला आले होते. कोलकात्याची ट्राम देशातली शेवटची, आणि २०२४ मध्ये तिथल्या सरकारने मैदान परिसरातला एक मार्ग सोडून बाकी बंद करणार असं जाहीर केलं. जगात ट्राम परत येत असताना आपण शेवटची घालवायच्या मागे आहोत, हे मला कळत नाही. रस्त्यात मोटारींना अडथळा होतो, हे कारण दिलं जातं. १९४९ मध्ये मँचेस्टरनेही ट्राम काढून बसच आणल्या होत्या.

माझ्या वर्गातल्या एकीची ताई सध्या मँचेस्टरला मास्टर्स करतेय. आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी हल्ली तिथे असतंच. तुमचं कुणी असेल, किंवा तुम्हीच पुढच्या सप्टेंबरला बॅग भरणार असाल, तर एक रविवार यासाठी ठेवा. बेरीहून ट्राम पकडा आणि शक्यतो पुढे बसा. आधी मोकळ्या रुळांवरचा वेग बघा, जुन्या स्टेशनांचे ट्रामपेक्षा लांब फलाट बघा. व्हिक्टोरियाला छताखालून बाहेर पडून ती रस्त्यावर वळते, तेव्हा ड्रायव्हर सिग्नलपेक्षा माणसांकडे जास्त बघायला लागतो. सेंट पीटर्स स्क्वेअर गेलं की जुन्या सेंट्रल स्टेशनच्या कमानीच्या बाजूने चढ लागतो आणि तुम्ही विटांच्या पुलावर येता. ओल्ड ट्रॅफर्डला हवं तर उतरा, सचिनसाठी एक सेल्फी होऊन जाऊ दे. पण परत चढा आणि शेवटून दुसऱ्या थांब्यापर्यंत, नेव्हिगेशन रोडपर्यंत जा. तिथे दोनच रूळ आहेत. एकावर ट्राम दोन्ही दिशांनी जाते, दुसऱ्यावर चेस्टरची रेल्वे दोन्ही दिशांनी. दोघींना रस्त्यावर फाटक मात्र एकच आहे. ते पडलं की सायकलवाले, मोटारवाले, सगळे थांबतात, आणि आता यातली कुठली येणार हे बघत उभे राहतात.